नावाने मारलेली हाक

अरबी समुद्रात कमी दाबाचे क्षेत्र तयार झाले की देवगड, मालवण, वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर एक वाक्य तोंडोतोंडी फिरू लागते : ‘तीन नंबरचा बावटा लागला.’ ऐकणाऱ्याला पुढचे काही सांगावे लागत नाही. निघायच्या बेतात असलेल्या होड्या थांबतात, बाहेर गेलेल्या खाडीकडे वळतात, वाळूवरच्या होड्या आणखी वर ओढल्या जातात. बावट्यांची ही पद्धत हवामान खात्याची आहे. महाराष्ट्र आणि गोव्याच्या किनाऱ्यासाठी मुंबईच्या चक्रीवादळ इशारा केंद्रातून बंदरांना संदेश जातो आणि त्यात १ ते ११ यांपैकी एक क्रमांक असतो. पहिले दोन दूरच्या समुद्रातल्या वादळाबद्दल, ३ आणि ४ त्या बंदरालाच जाणवू शकेल अशा खराब हवेबद्दल, ५ ते ७ धोक्याचे, ८ ते १० मोठ्या धोक्याचे. दिवसा डोलकाठीवर शंकू आणि नळकांडी चढतात, रात्री तांबडे-पांढरे दिवे. अकरावा बावटा मात्र वादळाबद्दल बोलतच नाही. इशारा केंद्राशी संपर्क तुटला आहे, एवढेच तो सांगतो. संदेश पाठवणाऱ्याला मालवणात आज कामावर कोण आहे किंवा डोलकाठी कुठे उभी आहे, हे ठाऊक असावे लागत नाही. तो नाव पाठवतो, आणि त्या नावाची कृती कोणती हे बंदरावर आधीच ठरलेले असते.

आता हेच काम प्रोग्रामकडे सोपवायचे आहे, असे समजू. मच्छीमारांच्या एखाद्या सोसायटीच्या संगणकावर इशाऱ्याचा मजकूर येतो, त्यात ‘बावटा३’ असे लिहिलेले असते, आणि प्रोग्रामने त्यानुसार सभासदांना संदेश पाठवणे, नोंद करणे, भोंगा वाजवणे अशी ठरलेली कामे उरकायची आहेत. प्रोग्राममध्ये ‘बंदर’ नावाचा एक ऑब्जेक्ट आहे. त्याला ‘बावटा१’, ‘बावटा२’, ‘बावटा३’ अशा मेथड आहेत, म्हणजे त्या ऑब्जेक्टला करता येणारी कामे आहेत. हातात नाव आहे, आणि त्याच नावाची मेथड समोर आहे. मग एकाने दुसऱ्याला हाक मारायला अडचण कसली? पायथनसारख्या भाषेत ती अडचण नाहीच. एका ओळीत काम होते. जावा, सी शार्प, गो या भाषांत मात्र ही साधी दिसणारी गोष्ट थेट लिहिता येत नाही. तिथे ‘रिफ्लेक्शन’ नावाचे वेगळे यंत्र वापरावे लागते, आणि त्या यंत्राबद्दल प्रोग्राम लिहिणाऱ्यांत दोन टोकांची मते आढळतात. एक गट त्याला भाषेच्या शिस्तीचा भंग मानतो, दुसरा हवे तिथे सर्रास वापरतो. माझ्या मते दोघांचेही लक्ष चुकीच्या जागी आहे. नावाने हाक मारल्याने तपासणी नाहीशी होत नाही, ती फक्त पुढे ढकलली जाते. म्हणून प्रत्येक ठिकाणी विचारायचा प्रश्न असा की, ती तपासणी किती पुढे ढकलली गेली आणि ती फसेल तेव्हा निस्तरायला कोण हजर असेल.

हे समजण्यासाठी आधी या भाषा नावांचे काय करतात ते पाहावे लागते. जावासारख्या भाषेत प्रत्येक चलाचा प्रकार आधी जाहीर करावा लागतो. ‘बंदर’ या प्रकाराच्या ऑब्जेक्टवर ‘बावटा३’ ही मेथड बोलावली, तर प्रोग्राम चालण्यापूर्वीच कंपायलर बघतो की या प्रकारात त्या नावाची मेथड आहे का, तिला जे दिले जात आहे ते तिला चालते का, आणि ती परत काय देते. यातले काहीही जुळले नाही तर प्रोग्राम तयारच होत नाही. या पडताळणीनंतर नावाचे काम बरेचसे संपलेले असते. सी++ मध्ये तर चालू प्रोग्रामात मेथडचे नाव सहसा उरतही नाही. उरतो तो पत्ता, किंवा पत्त्यांच्या तक्त्यातला क्रमांक. उलट बाहेरून आलेला ‘बावटा३’ हा मजकूर म्हणजे प्रोग्रामच्या दृष्टीने ओळीने मांडलेली अक्षरे. मासळीचा भाव किंवा एखाद्याचा पत्ता जसा मजकूर, तसाच हाही. अक्षरांची ओळ आणि मेथडचे नाव डोळ्याला सारखे दिसले तरी भाषेच्या लेखी ते दोन वेगळ्या जातींचे आहेत. त्यांची गाठ घालायची तर मेथडची नावे प्रोग्राम चालत असतानाही कुठेतरी जपून ठेवलेली असली पाहिजेत. जावाचा कंपायलर तयार केलेल्या फाइलमध्ये प्रत्येक मेथडचे नाव आणि ती घेते-देते त्या गोष्टींचे प्रकार नोंदवून ठेवतो. ही नोंदवही वाचण्याची आणि तीतल्या नोंदीवरून प्रत्यक्ष हाक मारण्याची सोय म्हणजे रिफ्लेक्शन.

सोय आली ती मात्र कडक भाषांच्या बाहेरून. १९७० च्या दशकात झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात ॲलन के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मॉलटॉक घडवली, तेव्हा ऑब्जेक्टना ‘संदेश पाठवणे’ हीच तिची मूळ कल्पना होती. संदेशाचे नाव चालू प्रोग्रामात ठरवणे तिथे अगदी स्वाभाविक होते. १९८० च्या दशकात ब्रॅड कॉक्स आणि टॉम लव्ह यांनी ती कल्पना सी भाषेवर चढवून ऑब्जेक्टिव्ह-सी केली. जावा १९९६ मध्ये आली ती प्रकारांच्या बाबतीत बरीच काटेकोर, आणि सुमारे वर्षभरातच, फेब्रुवारी १९९७ च्या १.१ आवृत्तीत, तिने रिफ्लेक्शन घेतले. इतक्या लवकर का, याचे उत्तर त्याच आवृत्तीतल्या जावाबीन्समध्ये आहे. पडद्यावर माउसने तुकडे जोडून प्रोग्राम बांधण्याची साधने तेव्हा हवी होती. अशा साधनाला, ते बनवले गेले तेव्हा अस्तित्वातही नसलेल्या क्लासमध्ये, म्हणजे ऑब्जेक्ट घडवण्याच्या साच्यात, कोणत्या मेथड आहेत हे वाचता यायला हवे. आधी लिहिलेल्या कोडला नंतर लिहिल्या जाणाऱ्या कोडला हाक मारायची असेल, तर नावाशिवाय दुसरा दुवा उरत नाही. २००२ मध्ये डॉटनेट आणि सी शार्प आल्या त्या पहिल्या दिवसापासून ही सोय घेऊनच. म्हणजे शिस्तीच्या भाषांनी ही गोष्ट नाइलाजाने खपवून घेतली असे म्हणता येणार नाही. शिस्तीच्या भाषेत मोठे प्रोग्राम तुकड्या-तुकड्यांनी बांधायचे तर ती लागतेच, हे त्यांच्या रचनाकारांना लवकर उमगले होते.

या गरजेचा सर्वांत स्वच्छ पुरावा जेयुनिट हा आहे. केंट बेक आणि एरिक गामा यांनी १९९७ मध्ये एका विमानप्रवासात त्याची सुरुवात केली. प्रोग्रामच्या चाचण्या आपोआप चालवणारे हे साधन. चाचणी असलेल्या मेथडचे नाव ‘टेस्ट’ या अक्षरांनी सुरू करायचे, एवढाच त्याच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांचा नियम होता; साधन रिफ्लेक्शनने तशा मेथड हुडकून एकामागून एक बोलावत असे. जगभरच्या जावा लिहिणाऱ्यांना चाचण्यांची सवय लागण्यात या साध्या नियमाचा मोठा वाटा आहे. पण त्याच नियमात एक खोट होती. एखाद्याने घाईत ‘टेस्ट’ची अक्षरे उलटीसुलटी टंकली, तर कंपायलरला त्यात काही वावगे दिसत नसे, कारण ते नावही कायदेशीरच होते. साधनाला ती मेथड चाचणी वाटत नसे, आणि बाकीच्या चाचण्या हिरव्या दिव्यात पार पडत. चूक दिसायला ती चाचणी नापास व्हावी लागते, आणि इथे ती चालतच नव्हती. २००६ च्या चौथ्या आवृत्तीत नियम बदलला. आता मेथडचे नाव काहीही ठेवा, तिच्या डोक्यावर ‘ही चाचणी आहे’ अशी खूण लावा. ती खूण कंपायलर ओळखतो. तिचे स्पेलिंग चुकले तर तो तिथेच अडवतो. रिफ्लेक्शन तेच राहिले. नावाच्या ढोबळ जुळणीऐवजी तपासता येणारी खूण आली, आणि चूक सापडण्याची वेळ कित्येक महिन्यांवरून काही सेकंदांवर आली. तपासणी पुढे ढकलली तरी किती पुढे ढकलायची हे आपल्या हातात असते, हे यातून दिसते.

एकदा प्रत्यक्ष हाक मारताना काय घडते ते जवळून बघू. जावात आधी ‘बंदर’च्या नोंदवहीत ‘बावटा३’ शोधायचा, मग सापडलेल्या नोंदीवर ‘इनव्होक’ ही मेथड बोलावून ऑब्जेक्ट आणि लागणारी मूल्ये तिच्या हवाली करायची. या दोन पायऱ्यांत चार ठिकाणी पाय घसरू शकतो, आणि जावाने त्या चारही घसरगुंड्यांना वेगवेगळी नावे दिली आहेत. मेथड सापडलीच नाही, ही पहिली. सापडली पण खासगी आहे, बाहेरच्याला परवानगी नाही, ही दुसरी. सापडली, परवानगी आहे, पण दिलेली मूल्ये तिला चालत नाहीत, ही तिसरी. आणि चौथी, सगळे जुळले, मेथड सुरूही झाली, पण तिच्या आतच काही बिघडले. अशा वेळी मूळ चूक एका वेष्टनात गुंडाळून परत येते आणि वेष्टन उघडल्याशिवाय खरे कारण दिसत नाही. पहिल्या तीन चुका थेट हाकेत होऊच शकत नाहीत, कारण कंपायलरने त्या आधीच पकडलेल्या असतात. पहिल्या चुकीला एक छुपा पोटप्रकारही आहे. समजा ‘बावटा३’ला वाऱ्याचा वेग दशांश संख्येच्या रूपात हवा आहे. थेट हाक मारताना कोणी ४५ ही पूर्णांक संख्या दिली, तर कंपायलर निमूटपणे तिची दशांश संख्या करून देतो. नावाने शोधताना मात्र ‘पूर्णांक घेणारी बावटा३’ असे विचारले तर उत्तर ‘अशी मेथड नाही’ असे येते. नाव बरोबर, ऑब्जेक्ट बरोबर, आणि तरीही नकार; कारण शोधताना नावाबरोबर प्रकारही तंतोतंत जुळावे लागतात. सी शार्पमध्ये मेथड न सापडल्यास शोध रिकामा हात परत करतो, आणि तिकडे लक्ष दिले नाही तर चूक दोन ओळी पुढे भलत्याच ठिकाणी उगवते.

आता ‘निस्तरायला कोण हजर असेल’ या प्रश्नाकडे येऊ. कंपायलरने पकडलेली चूक प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या टेबलावर पकडली जाते. तो जागा असतो, वीज असते, दुरुस्तीचे साधन हाताशी असते. नावाने मारलेल्या हाकेतली चूक ती हाक पहिल्यांदा मारली जाईल तेव्हा उघड होते. ‘बावटा३’ वर्षातून अनेकदा येईल, त्यातली चूक लवकर सापडेल. ‘बावटा१०’ची गोष्ट वेगळी आहे. ती मेथड वर्षानुवर्षे कोणी बोलावणार नाही, आणि जेव्हा बोलावली जाईल ती वेळ चुका शोधण्याची नसेल. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याजवळून वर सरकले, तेव्हा जिल्ह्यात ठिकठिकाणी झाडे पडली, वीज गेली. अशा रात्री एखाद्या कार्यालयातला पडदा ‘अशी मेथड नाही’ म्हणू लागला तर त्याचा उपयोग काय? जी हाक क्वचित मारली जाते आणि जिच्यावर सर्वाधिक अवलंबून असते, तिचीच तपासणी सर्वांत उशिरा होणे, हा नावाने हाक मारण्यातला खरा धोका आहे. ‘चाचण्या लिहिल्या की झाले’ हे त्यावरचे नेहमीचे उत्तर. ते अर्धे खरे आहे. अकराही नावांची चाचणी असेल तर ठीकच. पण कोणती नावे येऊ शकतात याची पूर्ण यादी हाताशी असेल तरच तशी चाचणी लिहिता येते. आणि यादी हाताशी असेल तर मग रिफ्लेक्शन कशासाठी, हा त्याहून मोठा आक्षेप समोर येतो.

हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. बावट्यांची यादी अकरांची आहे आणि ती बंद आहे. बाराव्या बावट्याचा शोध कोणी मालवणात बसून लावणार नाही. अशा वेळी एक साधा तक्ता करावा : डावीकडे नाव, उजवीकडे त्या नावासाठी चालवायचे काम. मजकूर आला की तक्त्यात बघायचे, सापडले तर चालवायचे, नाही सापडले तर ‘अनोळखी इशारा’ म्हणून माणसाकडे सोपवायचे. उजव्या बाजूच्या कामांची नावे कंपायलरला दिसतात, म्हणून एखाद्याने ‘बावटा१०’ मेथडचे नाव बदलले तर तक्त्यातली ओळ लगेच अडते. याहून पक्की गोष्ट हवी असेल तर अकरा इशाऱ्यांचा स्वतंत्र प्रकारच जाहीर करता येतो. रस्टमध्ये, आणि २०२० च्या मार्चमध्ये आलेल्या जावा १४ पासून जावातही, अशा प्रकारावर लिहिलेली निवड अपुरी राहिली, एखादा इशारा विसरला, तर कंपायलर तिथेच थांबतो. रिफ्लेक्शनला हे जमत नाही. आपल्याकडे काय नाही हे त्याला विचारल्याशिवाय कळत नाही. रिफ्लेक्शनकडे हात जातो त्यातल्या बऱ्याच प्रसंगी खरी गरज अशा तक्त्याची असते, आणि तो लिहिण्याचा दहा मिनिटांचा कंटाळा पुढे महागात पडतो.

कंटाळ्याची किंमत कधी कधी फार मोठी असते. मजकुरातले नाव थेट मेथडपर्यंत पोचू दिले, म्हणजे मजकूर पाठवणाऱ्याला प्रोग्राममधली कोणतीही मेथड बोलावण्याची मुभा दिली. ‘बावटा३’ पाठवणारा उद्या ‘सर्वनोंदीपुसा’ पाठवू शकतो, आणि ती मेथड असली तर ती इमानेइतबारे चालेल. ही भीती कल्पनेतली नाही. अपाचे कॉमन्स कलेक्शन्स या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या जावा लायब्ररीत एक छोटा क्लास होता, ज्याला मेथडचे नाव मजकूर म्हणून द्यायचे आणि तो ती रिफ्लेक्शनने चालवायचा. २०१५ मध्ये क्रिस फ्रोहॉफ आणि गॅब्रिएल लॉरेन्स यांनी दाखवून दिले की बाहेरून येणारी माहिती अशा क्लासपर्यंत साखळीने नेऊन सर्व्हरवर हवी ती आज्ञा चालवता येते, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस वेबलॉजिक, वेबस्फिअर, जेबॉस, जेन्किन्स अशा मोठमोठ्या प्रणाली त्या मार्गाने फोडता येतात हे उघड झाले. त्याहून बोधक आहे स्प्रिंगची कथा. ब्राउझरच्या फॉर्ममधून आलेल्या नावांवरून ऑब्जेक्टचे गुणधर्म भरण्याची सोय स्प्रिंग या चौकटीत आहे. त्या वाटेने क्लास-लोडरपर्यंत, म्हणजे चालू प्रोग्रामात क्लास आणणाऱ्या यंत्रणेपर्यंत, पोचता येते हे २०१० मध्ये लक्षात आले, तेव्हा ते नाव निषिद्ध यादीत टाकून वाट बुजवली. सात वर्षांनी जावा ९ ने प्रत्येक क्लासला ‘मॉड्यूल’ हा नवा गुणधर्म दिला. त्यातून क्लास-लोडरकडे जाणारी दुसरी वाट आपोआप तयार झाली. निषिद्ध यादीला ती ठाऊक नव्हती, आणि मार्च २०२२ मध्ये त्याच दारातून पुन्हा शिरकाव झाला. स्प्रिंगच्या लोकांनी २०१० मध्ये काही निष्काळजीपणा केला होता असे नाही. काय चालणार नाही याची यादी केली की भाषेत नवे नाव आले तरी ती जुनी होते. काय चालेल याची यादी केली असती तर नवे नाव दाराबाहेरच राहिले असते. अकरा ओळींचा तक्ता हीसुद्धा ‘काय चालेल’ याची यादीच आहे.

मग रिफ्लेक्शन उरते कुठे? जिथे यादी आधी करता येतच नाही तिथे. जेयुनिट लिहिणाऱ्याला तुमच्या चाचण्यांची नावे माहीत असणे अशक्य आहे. डेटाबेसमधल्या ओळींचे ऑब्जेक्ट करून देणाऱ्या हायबरनेटला मालवणच्या सोसायटीच्या ‘सभासद’ क्लासची कल्पना नसते. इथे कोणी म्हणेल की मग आधीपासूनच पायथन का नको? कारण नावाने मारायची हाक ही मोठ्या प्रोग्रामच्या एका कोपऱ्यातली गरज आहे. त्या कोपऱ्यासाठी उरलेल्या हजारो ओळींवरची कंपायलरची नजर काढून घेणे हा वाईट सौदा ठरेल. सी शार्पने २०१० मध्ये ‘डायनॅमिक’ हा प्रकार दिला तो याच समजुतीने : हवा तेवढा भागच सैल, बाकी घट्ट. याहून वजनदार आक्षेप कोड आपोआप लिहून देणाऱ्या साधनांचा आहे. ही साधने कंपाइल करतानाच सगळे क्लास वाचून तक्ता स्वतः तयार करतात, म्हणजे यादी हाताने लिहायचा कंटाळा नाही आणि चालू प्रोग्रामात शोधाशोधही नाही. क्यूटी या सी++ चौकटीचा प्रवास पाहिला तर काळाची दिशा दिसते. तिच्या चौथ्या पिढीपर्यंत बटण आणि कृती यांची गाठ मेथडच्या नावाच्या मजकुराने घातली जाई आणि स्पेलिंग चुकल्याचे बटण जोडताना, म्हणजे प्रोग्राम चालू असताना कळे. २०१२ च्या अखेरीस आलेल्या पाचव्या पिढीत मेथडचा पत्ताच देण्याची पद्धत आली आणि तीच चूक कंपायलर पकडू लागला. जून २०२५ मध्ये सोफियाच्या बैठकीत सी++ च्या समितीने २६ च्या आवृत्तीसाठी रिफ्लेक्शन मंजूर केले, तेही संपूर्णपणे कंपाइल करतानाच चालणारे. मोबाइलवरही ओढा तिकडेच आहे. अँड्रॉइडचे ॲप आटोपशीर करताना न वापरलेल्या मेथड कापल्या जातात आणि उरलेल्यांची नावे एकेका अक्षराची केली जातात. मजकुरातून बोलावली जाणारी मेथड त्या कात्रीला न वापरलेलीच वाटते, म्हणून ‘ही ठेवा’ असे वेगळे लिहून द्यावे लागते. म्हणजे यादी शेवटी करावी लागतेच.

वेगाचा आक्षेप मात्र मी फारसा मनावर घेत नाही. नावाने शोधणे थेट हाकेपेक्षा महाग पडते हे खरे, पण शोध एकदाच घेऊन सापडलेली नोंद जपून ठेवली की खर्च बराच उतरतो. २०२२ च्या जावा १८ मध्ये रिफ्लेक्शनचे आतले यंत्रच नव्याने बांधले गेले. वादळाचा इशारा काही सेकंदाला लाख वेळा येत नाही. महत्त्वाचे हे की शोध लवकर घ्यावा. प्रोग्राम सुरू होतानाच अकराही नावे नोंदवहीत शोधून पाहावीत, प्रत्येकाचे प्रकार पडताळावेत, आणि एकही कमी पडले तर प्रोग्रामने सुरू व्हायलाच नकार द्यावा. मग ‘बावटा१०’मधली चूक सोमवारी सकाळी संगणक सुरू करणाऱ्याला दिसेल.

मराठीत लिहिणाऱ्याला यात एक जादा अडचण आहे, आणि तिच्याबद्दल फार कमी बोलले जाते. जावात मेथडची नावे देवनागरीत लिहिता येतात. ‘वाऱ्याचावेग’ हे नाव तिथे चालते. पण यातला ‘ऱ्या’ संगणकात दोन रीतींनी साठवला जाऊ शकतो : नुक्ता असलेल्या ‘ऱ’ला हलंत देऊन, किंवा साध्या ‘र’ला हलंत देऊन त्यापुढे एक न दिसणारे जोडचिन्ह ठेवून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. कोणता क्रम उमटेल हे कळफलकावर अवलंबून असते. जावाच्या नियमांनुसार नावातली अशी न दिसणारी चिन्हे कंपायलर वगळतो. म्हणजे दुसऱ्या रीतीने टंकलेले ‘वाऱ्याचावेग’ तयार प्रोग्रामात ‘वार्याचावेग’ म्हणून नोंदले जाते, आणि त्याच रीतीने टंकलेले ‘दऱ्या’ आणि समुद्राचे ‘दर्या’ ही कंपायलरच्या लेखी एकच नावे होतात. थेट हाकेत याने काही बिघडत नाही, कारण दोन्हीकडे तोच नियम लागतो. अवतरणचिन्हांतल्या मजकुरातले जोडचिन्ह मात्र कोणी वगळत नाही. त्या मजकुराने मेथड शोधली की ती सापडत नाही, आणि दोन्ही शब्द शेजारी ठेवून कितीही निरखले तरी फरक दिसत नाही. सी शार्पच्या नियमांतही नावातली अशी चिन्हे गळतात. मजकुरातले नाव आणि प्रोग्राममधले नाव या दोन जाती आहेत हे वर म्हटले, त्याचा याहून ठोस दाखला रोमन लिपीत लिहिणाऱ्याला क्वचितच भेटेल.

गो भाषेत परिस्थिती आणखी अवघड आहे. तिच्या व्याकरणात नावात फक्त अक्षरे, अंक आणि अधोरेषा चालतात, आणि काना, मात्रा, अनुस्वार, हलंत यांची गणना युनिकोड अक्षरांत करत नाही. त्यामुळे ‘गलबत’ हे नाव गोमध्ये चालते आणि ‘होडी’ चालत नाही. ‘मदत’ चालते, ‘बावटा’ चालत नाही. बरे, ‘मदत’ नावाची मेथड लिहिली तरी ती नावाने बोलावता येत नाही. गोमध्ये दुसऱ्या पॅकेजला दिसणारे नाव मोठ्या लिपीतल्या अक्षराने सुरू व्हावे लागते, आणि देवनागरीत लहान-मोठी लिपी नाही. म्हणून देवनागरी अक्षराने सुरू होणारी प्रत्येक मेथड त्या भाषेत खासगीच राहते आणि रिफ्लेक्शनच्या नावनिहाय शोधात येत नाही. नावाच्या सुरुवातीला एक रोमन मोठे अक्षर चिकटवणे हा प्रचलित उपाय आहे, पण त्याने काना-मात्रांचा प्रश्न सुटत नाही. तेव्हा मराठी संदेशावरून गोमध्ये काम चालवायचे तर तक्ता हाच मार्ग उरतो : डावीकडे ‘बावटा३’ हा मजकूर, न दिसणारी चिन्हे गाळून आणि ‘ऱ’ची एकच रीत ठरवून घेतलेला, उजवीकडे रोमन लिपीत लिहिलेली मेथड, जिचे नाव बाहेरच्या कोणाला कधी कळण्याची गरज नाही. जावा आणि सी शार्पमध्येही मी हीच रचना पसंत करीन. तिथे मेथडच्या डोक्यावर लावायच्या खुणेत हवा तो मजकूर लिहिता येतो, म्हणून संदेशातला मराठी शब्द त्या खुणेत ठेवावा, प्रोग्राम सुरू होताना सगळ्या खुणा वाचून तक्ता भरावा, आणि एकाच शब्दावर दोन मेथडनी हक्क सांगितला तर तिथेच थांबावे.